मॉप कुणाच्या हातून राहिला?

१० जुलै १९६३. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी प्रसूतिगृहात एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपण झालं की तिथंच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं, असं ठरवूनच ती दाखल झाली होती. १३ जुलैला सरकारी नोकरीतल्या एका डॉक्टर बाईंनी ते ऑपरेशन केलं. सरकार तेव्हाही लोकांना हे ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगत होतं आणि सरकारी दवाखान्यांत ते रोजचं होतं.

त्यानंतर तिला ताप चढला. पोटात असह्य दुखू लागलं. इतक्या साध्या ऑपरेशननंतर असं व्हायला नको होतं, म्हणून नवरा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे धावू लागला. १९ जुलैला दुसऱ्या एका सर्जननं पहिल्याच जखमेतून पोट पुन्हा उघडलं. आत मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचा कापडाचा तुकडा, होता आणि भोवती पू झाला होता. मॉप काढला, पू काढला, पण ती सावरली नाही. २४ जुलैला ती गेली.

अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं ओळखलं जाणारं हे प्रकरण वैद्यकीय हलगर्जीपणाचं म्हणून शिकवलं जातं. ते तसं आहेच. मला मात्र ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. सरकारच्या छत्राखाली काम करणाऱ्या माणसाच्या हातून नुकसान झालं, तर भरपाई सरकारनं द्यायची की नाही, आणि त्यासाठी तो नेमका हात पीडितानं ओळखून दाखवायचा का, या दोन प्रश्नांची त्यात सरळ उत्तरं आहेत. आज सरकारी दवाखान्यात कोण कायम, कोण करारावर आणि कोण एजन्सीचा हे गळ्यातलं ओळखपत्र वाचल्याशिवाय कळत नाही. अशा काळात ती उत्तरं पुन्हा नीट वाचायला हवीत.

आधी त्या मॉपकडे बघू. मॉप म्हणजे रक्त टिपायला, आतडी बाजूला दाबून धरायला वापरतात तो अनेक पदरी कापडाचा तुकडा. कोरडा असताना पांढराशुभ्र असतो. रक्तात भिजला की आतड्यांच्या वेटोळ्यांत डोळ्यांना दिसेनासा होतो. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही, मोजदाद करायची. पोट उघडण्याआधी मॉप मोजायचे आणि शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. सिस्टर मोठ्यानं आकडा सांगते, सर्जन तो ऐकतो. एक जरी कमी भरला तरी टाका घालायचा नाही, बादलीत, टेबलाखाली, चादरीच्या घडीत आणि पोटात शोधायचं. म्हणजे एका मॉपला किमान तीन-चार हात लागतात. ठेवणारा सर्जन, हाताखालचा डॉक्टर, मोजणारी सिस्टर, भिजलेले मॉप बादलीतून उचलून वेगळे मांडणारा वॉर्डबॉय. मॉप आत राहतो तेव्हा यांतलं कोण चुकलं हे त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक असतं. ज्या एका माणसाला ते कळणं शक्यच नसतं, तो म्हणजे टेबलावर झोपलेला पेशंट.

दावा

नवऱ्यानं आणि मुलांनी राज्य सरकारवर आणि डॉक्टरांवर दिवाणी दावा लावला. दिवाणी न्यायालयानं छत्तीस हजार रुपयांचा हुकूमनामा, म्हणजे ती रक्कम द्यायचा आदेश, दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथं दावाच फेटाळला गेला. त्यामागची कारणं दोन अंगांची होती. एक अंग पुराव्याचं. मॉप राहिला हे खरं असलं तरी मृत्यू त्याच्यामुळेच झाला का? साक्षीला आलेल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांचं म्हणणं असं की पोटाच्या आतल्या आवरणाला जी जीवघेणी सूज आली, ती दुसऱ्या ऑपरेशनमुळे आली असावी. दुसरं अंग सरकारचं. दवाखाना चालवणं हे राज्याच्या सार्वभौम अधिकारातलं काम, तेव्हा तिथं घडलेल्या अपकृत्याची, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्या चुकीची, भरपाई सरकारकडून मागता येणार नाही.

हे दुसरं कारण ऐकून सामान्य माणूस चक्रावतो. त्याची मुळं फार मागे आहेत. १८६१ साली एका प्रकरणाचा निकाल लागला. कलकत्त्याला किदरपूरच्या सरकारी गोदीत मजूर बोटीच्या कामाचा एक जड लोखंडी तुकडा रस्त्यावरून नेत होते. मागून घोडागाडी आली, मजूर घाबरले, तुकडा हातातून सुटला, आवाजानं घोडा बिथरला आणि जखमी झाला. गाडी पी अँड ओ या आगबोट कंपनीची होती, तिनं साडेतीनशे रुपये मागितले. न्यायालयानं ते द्यायला लावले, कारण गोदी चालवण्याचं काम कुठलीही खासगी कंपनी करू शकते. पण निकालात एक भेद केला होता. जे काम फक्त राजसत्ताच करू शकते, त्यातल्या चुकीसाठी सरकारवर दावा चालणार नाही. घोड्याच्या मालकाला पैसे मिळाले आणि पुढची शंभर वर्षं हा भेद इतरांच्या आड येत राहिला. राज्यघटनेच्या कलम ३०० नं सरकारवर दावा लावण्याबाबतची जुनी स्थिती तशीच पुढे चालू ठेवली, त्यामुळे तो भेदही स्वतंत्र भारतात आला.

त्याचे परिणाम किती विसंगत होते ते दोन प्रकरणांत दिसतं. १९५२ साली उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरनं पायी चाललेल्या माणसाला उडवलं. तो माणूस गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली राजस्थान सरकारची जबाबदारी कायम केली आणि विधवेला व मुलीला पंधरा हजार मिळाले. तो ड्रायव्हर तेव्हा तात्पुरत्या नेमणुकीवर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लगेच १९६४ साली कस्तुरीलाल प्रकरणाचा निकाल आला. १९४७ च्या सप्टेंबरात मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या सराफी पेढीच्या भागीदाराला संशयावरून पकडून त्याच्याकडचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं ठाण्यात ठेवलं. ठाण्यातलाच हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा हलगर्जीपणा न्यायालयाला दिसत होता, तरी भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामं.

औरंगाबादच्या दाव्यावर हीच सावली पडली. ती मागे हटायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी नागेंद्र राव प्रकरणात, जप्त केलेलं खत सरकारी ताब्यात खराब झालं म्हणून, सर्वोच्च न्यायालयानं आंध्र सरकारला जबाबदार धरलं आणि कल्याणकारी राज्यात सार्वभौम आणि बिगर-सार्वभौम हा भेद किती ताणायचा, असा रोखठोक प्रश्न केला.

२० फेब्रुवारी १९९६

या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं खोडवा प्रकरण निकाली काढलं. मृत्यूला साडेबत्तीस वर्षं झाली होती.

दवाखान्याबद्दल न्यायालयानं सांगितलं की दवाखाना चालवणं हे कल्याणकारी काम आहे, पण ते फक्त सरकारच करू शकतं असं नाही. म्हणून ते सार्वभौम नाही आणि सरकारला त्याआड लपता येणार नाही. पोटात मॉप राहणं ही वस्तुस्थिती स्वतःच बोलते. हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करायची गरज नाही, झालं कसं हे दवाखान्यानं सांगायचं. आणि मृत्यू दुसऱ्या ऑपरेशनमुळे झाला असं धरलं, तरी पहिल्या वेळी मॉप राहिला नसता तर दुसरं ऑपरेशन करावंच लागलं नसतं.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. न्यायालय म्हणतं की समजा दुसऱ्या डॉक्टरच्या हातून चूक झाली, समजा ऑपरेशननंतरच्या देखभालीत हयगय झाली, तरी ते सगळे सरकारचेच नोकर होते. त्यांच्यापैकी नक्की कुणाची चूक हे पक्कं सिद्ध झालं नाही, एवढ्यावरून वारसांची मागणी बुडत नाही. छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. १९६३ साली त्या रकमेला वजन होतं. १९९६ साली किती उरलं होतं याचा विचार मी दर वेळी हा निकाल उघडताना करतो आणि दर वेळी राग येतो. पण तत्त्व भक्कम होतं. हात ओळखायची सक्ती पीडितावर नाही, कारण सगळे हात एकाच धन्याचे.

नेमकी इथंच आजची अडचण सुरू होते. सगळे हात एकाच धन्याचे नसले तर?

कंत्राटदार म्हटला की काय बदलतं

मालकानं नोकराच्या चुकीची भरपाई द्यायची, या नियमामागे साधी समजूत आहे. नोकराला काय करायचं आणि कसं करायचं हे दोन्ही मालक सांगतो. त्याच्या कामाचा फायदा मालकाला मिळतो, तर जोखीमही मालकाची. स्वतंत्र कंत्राटदाराचं तसं नसतं. त्याला काम सांगितलं जातं, रीत त्याची असते. तुम्ही घराला रंग द्यायला ठेकेदार लावला आणि त्याच्या माणसाच्या हातून डबा शेजाऱ्याच्या गाडीवर पडला, तर शेजाऱ्यानं ठेकेदाराकडे बघायचं. हा साधारण नियम.

सरकारला हा नियम फार सोयीचा. जिल्हा न्यायालयात सरकारविरुद्धच्या दाव्यांत सरकारची लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं उत्तर, आली की मी आधी एकच परिच्छेद शोधतो. बहुतेक वेळा तो असतोच: ‘सदर इसम हा या कार्यालयाचा कर्मचारी नसून ठेकेदाराचा कामगार आहे, सबब या प्रतिवादीची कोणतीही जबाबदारी येत नाही.’ शब्द इकडचे तिकडे होतात, सबब तीच राहते. सार्वभौमत्वाची ढाल १९९६ नंतर बोथट झाली, तिची जागा आता ठेकेदारानं घेतली आहे.

म्हणून १९६३ चं ते ऑपरेशन थिएटर आजच्या काळात आणून बघू. सर्जन कायम नोकरीतला. भूल देणारे डॉक्टर बाहेरचे, केसमागे मानधन घेणारे. सिस्टर अकरा महिन्यांच्या करारावर. वॉर्डबॉय आणि सफाईची बाई एजन्सीकडून आलेली, पगार एजन्सीच्या खात्यातून. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी पदं भरण्याचा निर्णय काढला होता. तरुणांचा रोष इतका उसळला की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हाची चर्चा नोकऱ्यांची, आरक्षणाची आणि पगाराची होती आणि ती व्हायलाच हवी होती. त्या माणसाच्या हातून चूक झाली तर लोकांनी भरपाई कुणाकडे मागायची, हा प्रश्न मात्र माझ्या कानावर फारसा आला नाही. तो निर्णय गेला, एजन्सीचे वॉर्डबॉय राहिले.

आता या थिएटरमध्ये मॉप राहिला तर खोडवा निकाल पुरेल का? माझं उत्तर हो असं आहे, पण ते आपोआप मिळणार नाही. युक्तिवाद करून मिळवावं लागेल.

करारावरच्या सिस्टरचं सोपं आहे. अकरा महिन्यांचा कागद असला तरी ड्युटी मेट्रन लावते, रजा दवाखाना देतो, मॉप कसे मोजायचे हे दवाखाना शिकवतो. ती मुदतीची नोकर आहे, पण नोकरच. उदयपूरचा तो ड्रायव्हरही तात्पुरताच होता आणि त्यानं राजस्थान सरकार सुटलं नाही.

एजन्सीच्या वॉर्डबॉयचं थोडं अवघड. कागदोपत्री मालक एजन्सी. पण थिएटरमध्ये एजन्सीचा कुणी मुकादम नसतो. बादली कुठं ठेव, मॉप कधी उचल, कसे मांड हे सिस्टर सांगते. एजन्सीचा हात महिनाअखेर हजेरीपुरता. कामाची रीत ठरवणारा जो, त्याच्याकडे जबाबदारी जायला हवी. धरंगधरा केमिकल वर्क्सच्या १९५६ सालच्या निकालापासून आपल्याकडे नोकर कोण हे ठरवताना कामावरच्या नियंत्रणाला वजन आहे. पुढे न्यायालयांनी त्यात आणखी कसोट्या मिळवल्या आणि कुठलीही एकच कसोटी पुरेशी नाही असं सांगितलं.

भूलतज्ज्ञांचं खरं अवघड. त्यांना रीत कुणी सांगत नाही, भूल किती द्यायची हे त्यांचंच कौशल्य. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सुशीलाबेन गांधी प्रकरणात गुजरातमधल्या एका नेत्ररुग्णालयाच्या मानद सर्जनबद्दल हाच प्रश्न तपासला. ते रुग्णालयाच्या गाडीतून जाताना अपघातात गेले होते. विमा कंपनी म्हणत होती की ते नोकर होते, म्हणून विम्यातली नोकरांपुरती मर्यादा लागू होते. न्यायालयानं करार कलमवार वाचून ते नोकर नव्हते, स्वतंत्र व्यावसायिक होते असं ठरवलं आणि विधवेला पूर्ण भरपाई मिळाली. तिथं ‘नोकर नाही’ या उत्तरानं कुटुंबाला न्याय मिळाला. तेच उत्तर आपल्या थिएटरमध्ये पेशंटच्या विरोधात जाऊ शकतं. म्हणून फक्त नोकर की कंत्राटदार या वादावर दावा उभा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यापेक्षा भक्कम पाया दुसरा आहे. काही कर्तव्यं स्वतःची असतात. ती करून घ्यायला माणूस कुठलाही लावा, कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही. इंग्लंडमध्ये १९५१ साली कॅसिडी प्रकरणात हाताच्या ऑपरेशननंतर पेशंटचा हात निकामी झाला, तेव्हा लॉर्ड डेनिंग यांनी हेच मांडलं. रुग्णालयानं पेशंट दाखल करून घेतला की काळजी घेण्याचं कर्तव्य रुग्णालयाचं, मग डॉक्टर पगारी असो की करारावरचा. त्या निकालातही, नेमकं कोण चुकलं ते पेशंटनं दाखवावं ही अपेक्षा ठेवली नव्हती. आपल्याकडे सविता गर्ग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगी रुग्णालयाला हाच नियम लावला. डॉक्टर कायमचा आहे की करारानं बोलावलेला, यानं रुग्णालयाची जबाबदारी बदलत नाही आणि डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही.

खासगी रुग्णालयाला हे लागू आणि सरकारी दवाखान्याला नाही, असं म्हणायला काही आधार नाही. उलट सरकारचं कर्तव्य जास्त जड आहे. खोडवा निकालानंतर तीन महिन्यांच्या आतच, मे १९९६ मध्ये, पश्चिम बंगा खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वेळेवर उपचार देणं हे घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली, राज्याचं कर्तव्य ठरवलं. ट्रेनमधून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला कलकत्त्याच्या आसपासची सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत राहिली होती. जे कर्तव्य घटनेनं राज्यावर टाकलं, ते निविदा काढून एजन्सीला कसं देता येईल? काम देता येतं, कर्तव्य नाही. कामगाराला इजा झाली तर मुख्य मालकानं आधी भरपाई द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, ही तरतूद १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आली आहे. वॉर्डबॉयच्या पायावर सिलिंडर पडला तर सरकार आधी पैसे देणार, आणि त्याच वॉर्डबॉयच्या हातून पेशंटच्या पोटात मॉप राहिला तर सरकार ठेकेदाराकडे बोट दाखवणार, हे मला कुठल्याही अंगानं पटत नाही.

दावा लावताना

अशा प्रकरणात घरच्यांचे पहिले काही आठवडे दुःखात जातात आणि नेमके तेवढ्यात कागद हलतात. म्हणून केसपेपर, ऑपरेशनच्या नोंदी आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूचा कागद यांच्या प्रती लगेच लेखी अर्ज देऊन मागाव्यात. पोहोच घ्यावी. थिएटर रजिस्टर, मॉपची मोजदाद आणि त्या दिवशीचा ड्युटी चार्ट या तीन गोष्टींचा अर्जात नाव घेऊन उल्लेख करावा. दवाखाना आणि एजन्सी यांच्यातला करार माहिती अधिकारात मागावा. त्यात बहुतेक वेळा एजन्सीच्या माणसामुळे नुकसान झाल्यास सरकारला एजन्सी भरून देईल असं कलम असतं. ते कलम त्या दोघांमधलं आहे, पेशंटची त्यावर सही नाही. सरकारनं भरपाई द्यावी आणि त्या कलमाखाली एजन्सीकडून खुशाल वसूल करावी.

ग्राहक आयोगाचा रस्ता आधी तपासावा. शांता प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तो ग्राहक कायद्याबाहेर. काही पेशंटकडून पैसे घेत असतील तर मोफत उपचार घेतलेल्यालाही तिथं जाता येतं. नाहीतर दिवाणी दावा. मृत्यू झाला असेल तर मुदत दोन वर्षांची. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस सरकारला द्यावी लागते आणि तो नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो. तरीही शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नये.

प्रतिवादी म्हणून राज्य, दवाखान्याचे प्रमुख, एजन्सी आणि माहीत असलेले डॉक्टर, सगळ्यांना घालावं. एकाला वगळलं की बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतात. आणि दावाअर्जात एक परिच्छेद असावाच. मी तो साधारण असा लिहितो:

‘मयत ही प्रतिवादी क्रमांक १ यांच्या दवाखान्यात उपचारांसाठी दाखल झाली होती. ऑपरेशनच्या वेळी ती भुलीखाली होती. त्या वेळी तिथं हजर असलेल्यांपैकी कोण कोणाच्या पगारपत्रकावर होतं हे वादींना माहीत नाही व माहीत असण्याचं कारण नाही. ही माहिती सर्वस्वी प्रतिवादींच्या ताब्यात आहे. मयतानं एजन्सीशी कोणताही करार केलेला नाही. तिचा केसपेपर प्रतिवादी क्रमांक १ यांच्या दवाखान्यात, त्यांच्याच शिक्क्यानं निघाला आहे.’